इन्शुरन्स डेस्कवरून हेल्थ डेटा सायन्सकडे जायचं, तर आधी पावणेतीन लाख भरायचे का?

बडोद्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी मजकूर थोडक्यात असा:

वय २९, बी.फार्म., पाच वर्षांपासून शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर. प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचे अर्ज) पाठवणं, टीपीएच्या (इन्शुरन्स कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थांच्या) क्वेरींना उत्तरं देणं, आयुष्मानच्या फायली अपलोड करणं, हे रोजचं काम. नवरा मकरपुरा जीआयडीसीत, मुलगी चार वर्षांची, सासूबाई सोबत. एका ऑनलाइन कंपनीचा 'हेल्थकेअर डेटा सायन्स आणि एआय' असा अकरा महिन्यांचा कोर्स तिने पाहिलाय, फी पावणेतीन लाख, ईएमआयची सोय, 'प्लेसमेंट अश्युअर्ड'. काउन्सेलर रोज फोन करतो, सीट रविवारपर्यंतच धरून ठेवलीय म्हणतो. बी ग्रुप (बायॉलॉजीचा) घेतल्याने गणित दहावीनंतर सुटलं, कोडिंग कधी केलं नाही, पाच वर्षं वाया गेली असं वाटतं, त्यात नवरा म्हणतो की दोन वर्षांत हे सगळं एआयच करणार आहे. शिवाय अशा नोकऱ्या पुण्या-बंगलोरलाच असतात ना, ही भीती. ती लिहिते, "ताई, शून्यापासून सुरुवात करायला आता उशीर झाला का?"

सगळ्यात आधी रविवारचं बोलू, कारण तेवढंच तातडीचं आहे. भरू नकोस. कधीच भरू नकोस असं नाही म्हणत मी, पण या रविवारी नाही. ज्या कोर्सची शेवटची सीट या रविवारी संपते त्याची शेवटची सीट पुढच्या रविवारीही असते, बॅच नवीन, ऑफर नवीन, काउन्सेलर बहुतेक तोच. आणि अगं, तू इन्शुरन्स डेस्कवर बसतेस! पॉलिसीत बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून पेशंटच्या मुलाला समजावणं हे तुझं रोजचं काम, मग स्वतःची वेळ आली तर तेवढंच बारीक वाच ना. 'अश्युअर्ड'च्या खाली अटी काय आहेत, हजेरी किती टक्के, किती असाइनमेंट, कुठल्याही गावात कुठलीही नोकरी घ्यायची तयारी आहे असं लिहून घेतात का, फी परत मिळते ती कुठल्या दिवसापर्यंत. आणि तो ईएमआय म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुझ्या नावावरचं कर्ज असतं, कोर्स आवडला नाही म्हणून तू सोडलास तरी हप्ता आपोआप सुटत नाही, हे बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतं. काउन्सेलरने दिलेल्या नंबरांवर फोन करू नकोस, लिंक्डइनवर तू स्वतः शोध की हा कोर्स केलेली माणसं आज कुठल्या हुद्द्यावर आहेत, दोघातिघांना मेसेज टाक. लोक सांगतात खरं खरं, विचारलं तर.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पत्रात 'शून्यापासून' हा शब्द तीनदा आलाय आणि मला त्याच्याशीच भांडायचंय.

शून्यावरून आठवलं. डायबिटीसचा एक डेटासेट आहे, पिमा नावाचा, अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमा समाजाच्या ७६८ बायकांचा. ग्लुकोज, बीपी, बीएमआय, इन्शुलिन, वय वगैरे आठ रकाने आणि शेवटी डायबिटीस झाला की नाही. फुकट मिळतो, छोटा आहे, त्यामुळे हेल्थ डेटा शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण यावर मॉडेल, म्हणजे अंदाज सांगणारा प्रोग्रॅम, बनवतो आणि रेझ्युमेत टाकतो, तुझ्या त्या कोर्सच्या ब्रोशरमध्येही 'डायबिटीस प्रेडिक्शन प्रोजेक्ट' असं असेल तर तो हाच असण्याची शक्यता फार. तर या ७६८ पैकी ३५ जणींचं बीपी शून्य आहे. ११ जणींचा बीएमआय शून्य. इन्शुलिन तर ३७४ जणींचं शून्य, म्हणजे जवळपास निम्म्या. आणि कितीतरी मुलं हे शून्य तसंच मॉडेलला भरवतात, पुढे ॲक्युरसी किती टक्के आली ते मोठ्या अक्षरात लिहितात. तू ही फाईल उघडलीस तर पहिल्याच मिनिटाला म्हणशील, ही बाई जिवंत कशी? ते शून्य म्हणजे मोजलंच नाही, कोणीतरी रिकामा रकाना शून्याने भरून टाकला. आणि मग तुझ्या डोक्यात पुढचा प्रश्न येईल की इन्शुलिन नेमकं कोणाचं मोजलं नाही आणि का नाही मोजलं. हा प्रश्न पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून येत नाही. तो हॉस्पिटलात बसून येतो, आणि तू पाच वर्षं बसलीयस.

तुझ्या टेबलावरच बघ ना. कॉम्प्युटरमध्ये डिस्चार्जची जी वेळ पडते ती पेशंट घरी गेल्याची असते का? ती बिल क्लोज झाल्याची असते, पेशंट बिचारा अप्रुव्हलची वाट बघत कॉटवर कपडे बदलून बसलेला असतो. पादऱ्याहून आलेल्या मीनाबेन एका ॲडमिशनमध्ये 'मीनाबेन', दुसऱ्यात नुसत्या 'मीना', तिसऱ्यात स्पेलिंगच वेगळं, आणि सिस्टिमला वाटतं या तीन बायका. साठीच्या वरच्या किती जणांची जन्मतारीख १ जून असते, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकून दिलेली, नाहीतर आधारला नुसतं साल सांगितलं म्हणून १ जानेवारी. वयं बघ, ५० आणि ५५ आणि ६० ची गर्दी, ५७ वाला क्वचित. बाहेरचा माणूस हे बघून थक्क होईल किंवा, त्याहून वाईट, बघणारच नाही.

अजून एक उदाहरण देते, ते तुझ्या कामाच्या फार जवळचं आहे. अमेरिकेत हॉस्पिटलं एक प्रोग्रॅम वापरत होती, कुठल्या पेशंटला जास्त देखभालीची गरज आहे ते आधीच ओळखायला. २०१९ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये त्याची चिरफाड छापून आली. तो प्रोग्रॅम आजार किती गंभीर हे मोजतच नव्हता, पुढे खर्च किती होईल ते मोजत होता, कारण खर्चाचा डेटा हाताशी होता. आणि काळ्या पेशंटांवर तितक्याच आजारपणासाठी खर्च कमी होत आलेला, त्यामुळे मशीनच्या हिशेबात ते 'कमी आजारी' निघाले. संशोधकांनी म्हटलं की हे दुरुस्त केलं तर जादा मदतीच्या यादीत काळ्या पेशंटांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. हे वाचताना तुला नवल वाटणार नाही असं मला वाटतं, कारण बिल म्हणजे आजार नव्हे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? जुलै २०२३ मध्ये गुजरात सरकारने आयुष्मान-मा कार्डाचं कव्हर ५ लाखांचं १० लाख केलं. समज उद्या कोणी चार्ट काढला की त्यानंतर मोठ्या रकमेचे क्लेम वाढले, आणि खाली लिहिलं की लोक जास्त आजारी पडायला लागले, तर तू तो चार्ट तिथल्या तिथे परत पाठवशील. बस, हेच काम आहे. या कामाला हेल्थ डेटा सायन्स म्हणतात, बाकी हत्यारं आहेत.

हत्यारं शिकायला लागतात, ते खरंच आहे, त्याकडे येते. पण त्याआधी एक जरा टोचणारा प्रश्न. तुला डेटाचं काम हवंय, की ते काउंटर नको झालंय? पत्रात कोर्सबद्दल चार ओळी आहेत आणि नातेवाइकांची आरडाओरड, रात्री नऊला येणारे क्वेरीचे मेल, सुटीच्या दिवशीचे फोन याबद्दल दीड पान. दोन्ही कारणं खरी आहेत, थकणं हा काही गुन्हा नाही, पण दोन्हीची औषधं वेगळी. नुसतं काउंटर सोडायचं असेल तर बी.फार्म.ला त्याहून सोपे आणि स्वस्त रस्ते आहेत. डेटाचं काम म्हणजे दिवसाचे सहा तास एकाच फाईलकडे बघणं, दोन आकडे जुळत नाहीत म्हणून संध्याकाळ घालवणं आणि ते जुळले की कोणाला काही न सांगता आतल्या आत खूष होणं. महिनाअखेरीला रिपोर्ट बनवताना एक्सेलमध्ये टोटल चुकली तर तुला चीड येते की चूक सापडेपर्यंत उठवत नाही? याचं उत्तर मला कळवू नकोस, स्वतःला दे.

समज दुसरं आहे, उठवत नाही. मग पुढे.

'हेल्थ डेटा सायन्स' हे एका नोकरीचं नाव नाही, निदान आपल्याकडे तरी नाही. जाहिरातीत ते एक झगमगीत दार दिसतं, आत गेल्यावर वेगवेगळ्या खोल्या. औषध कंपन्यांच्या आणि सीआरओंच्या (त्यांच्यासाठी ट्रायल्स चालवणाऱ्या कंपन्यांच्या) क्लिनिकल ट्रायल्सचा डेटा सांभाळणं, म्हणजे क्लिनिकल डेटा मॅनेजमेंट, आणि त्याच्या पुढची पायरी एसएएस किंवा आर या सॉफ्टवेअरमध्ये टेबलं तयार करणं. फार्माकोव्हिजिलन्स, औषधांच्या दुष्परिणामांच्या केसेस नोंदवून मेड्राच्या (वैद्यकीय संज्ञांच्या प्रमाणित कोशाच्या) शब्दांत कोड करणं, हे बी.फार्म.वाल्यांसाठी सगळ्यात सरळ दार, आणि भारताचा सरकारी फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमही २०१० पासून चालू आहे. तिसरं इन्शुरन्स कंपन्या आणि टीपीएंचं क्लेम्स ॲनालिटिक्स, कुठले क्लेम संशयास्पद, कुठल्या पॅकेजला खर्च का वाढतोय, इथे तू आत्ताच अर्धी बसलेली आहेस. चौथं मोठ्या हॉस्पिटलांचे क्वालिटी आणि एमआयएस (आतल्या आकडेवारीचे रिपोर्ट बनवणारे) विभाग. पाचवं सार्वजनिक आरोग्य, सरकारी योजनांचं मॉनिटरिंग, तिथे पगार बेताचा आणि नोकरी बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर, पण शिकायला मिळतं ते कुठे मिळत नाही. आणि ज्याला तो काउन्सेलर डेटा सायन्स म्हणतो, म्हणजे मॉडेल बनवणं, ती खोली सगळ्यात छोटी आणि तिच्या बाहेर इंजिनिअरांची रांग. मेडिकल कोडिंग, म्हणजे बिलासाठी आजार-उपचारांना ठरलेले कोड देणं, हे अजून वेगळं, चांगला रोजगार आहे, पण त्याला कोणी डेटा सायन्स म्हणून विकत असेल तर सावध.

यातली कुठली खोली, हे ठरल्याशिवाय कोर्स ठरवणं म्हणजे पेशंट न बघता प्रिस्क्रिप्शन लिहिणं.

पुणे-बंगलोरचं. बघ, बडोद्याला औषधांचं वावडं नाही, अलेम्बिक इथे १९०७ पासून आहे, आणि अहमदाबादमध्ये क्लिनिकल रिसर्चच्या कंपन्या बऱ्याच आहेत. बडोदा-अहमदाबाद अपडाउन करणारे सकाळच्या गाडीला कसे लटकलेले असतात ते मी सांगायला नको, चार वर्षांची मुलगी असताना ते रोज करणं अवघड, पण आठवड्यात दोन-तीन दिवस ऑफिस आणि बाकी घरून असं काम या क्षेत्रात मिळतं. पहिल्या नोकरीलाच मिळेल असं मात्र धरून चालू नकोस, नवीन माणसाला शेजारी बसवून शिकवावं लागतं. आणि पगार, हे कोणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही, पहिल्या वर्षी आत्तापेक्षा कमीही असू शकतो. घरात हे आधी बोलून ठेव, नवऱ्याशी तर नक्कीच, आणि सासूबाईंशीही, कारण संध्याकाळी तू लॅपटॉप घेऊन बसलीस की मुलगी त्यांच्याकडेच जाणार आहे.

आता गणिताची भीती. एक हिशेब करू, इथेच. एक आजार शंभरात एकाला आहे. त्याची टेस्ट आजाऱ्यांपैकी ९० टक्के बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्के बरोबर सोडते. हजार लोकांची टेस्ट केली. आजारी १०, त्यातले ९ पकडले. निरोगी ९९०, त्यातल्या ९९ जणांची टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह आली. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. म्हणजे '९० टक्के अचूक' टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला तो आजार असण्याची शक्यता ८ टक्क्यांच्या आसपास. यात काय लागलं तुला? गुणाकार आणि भागाकार. पण हे न समजल्याने भलेभले एआयवाले तोंडावर आपटतात. सुरुवातीची दोन वर्षं लागणारं स्टॅटिस्टिक्स याच जातीचं आहे, छेदात कोण आहे, कोण सुटलं, तुलना सारख्याला सारख्याशी आहे का. पुढे बायोस्टॅटिस्टिशियन व्हायचं असेल तर खरं गणित लागेल, तेव्हा बघू. बी.फार्म.च्या नव्या सिलॅबसमध्ये शेवटच्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्स आहे, तुझ्या वेळी नीट झालं नसेल तर मागच्या बॅचच्या कोणा मुलीकडून नोट्स माग, लाजू नकोस.

शिकायचा क्रम माझ्या मते असा, आणि लोक याच्याशी वाद घालतील, घालू देत. आधी एक्सेल, पण खरं एक्सेल, पिव्हट टेबल आणि लुकअप, हे तुला निम्मं येतच असेल. मग एसक्यूएल, कारण हॉस्पिटल असो की इन्शुरन्स कंपनी, डेटा टेबलांमध्ये पडलेला असतो आणि तिथून तो काढता येणं ही पहिली नोकरी मिळवून देणारी गोष्ट. मग आर किंवा पायथन, दोन्ही नको, एकच. पब्लिक हेल्थ आणि ट्रायल्सकडे ओढा असेल तर आर, कंपन्यांकडे असेल तर पायथन, आणि ठरत नसेल तर तुझ्या ओळखीच्या माणसाला जे येतं ते, म्हणजे रात्री अडलीस तर फोन करता येईल. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, हे सगळं फुकट बघता येतं, सर्टिफिकेट हवं तरच परीक्षेची फी. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या) चेन्नईच्या एपिडेमिऑलॉजी संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा छोटा कोर्स तर सगळ्यात आधी कर, त्यात कोडिंगची एक ओळ नाही आणि तरी तो पायथनपेक्षा जास्त कामाचा. आठवड्यात पाच दिवस, पाऊण तास. नवरात्रीचे दिवस सोडून दे, बडोद्यात त्या वेळी कोणी अभ्यास केलाय.

नंतर डिग्री हवीच वाटली तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन डेटा सायन्स डिग्री आहे, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं तरी प्रवेशाच्या पात्रता फेरीला बसता येतं, वयाची अट नाही, एकेक विषयाची फी भरत जाता येते आणि मधल्या टप्प्यावर डिप्लोमा घेऊन थांबताही येतं. सोपी नाही बरं का, पहिल्या टप्प्यातच गणित आणि स्टॅटिस्टिक्स आहे. घराजवळचं म्हणशील तर गांधीनगरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आहे, तिथे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री, होतं, पण त्याला दोन वर्षं द्यावी लागतील. एम.एस. युनिव्हर्सिटीचा स्टॅटिस्टिक्स विभाग तर आपल्या गावातच, तिथे जाऊन एखाद्या सरांना किंवा मॅडमना भेटून ये, माझ्याकडे हॉस्पिटलच्या कामाची समज आहे आणि स्टॅटिस्टिक्स शिकायचंय असं सांग. कोणी हाकलून देत नाही.

नवऱ्याच्या एआयबद्दल. तो पूर्ण चुकीचा नाही. नुसता कोड लिहून देणं हे काम स्वस्त होत चाललंय, तू चॅटबॉटला सांगितलंस तर तो तुला एसक्यूएल लिहून देईल, आणि शिकताना तू ते वापर, खुशाल. पण गूगलने डायबिटीसमुळे डोळ्याच्या पडद्याला होणारा त्रास ओळखणारं एआय थायलंडच्या क्लिनिकांमध्ये नेलं तेव्हा काय झालं बघ. लॅबमध्ये ते तज्ज्ञांच्या तोडीचं होतं, तिथे मात्र साधारण पाचातला एक फोटो मशीनने तपासायलाच नकार दिला. का तर खोलीत अंधार करायची सोय नाही, एकाच खोलीत नर्सची बाकी कामंही चाललेली, फोटो अंधूक. २०२० मध्ये गूगलच्याच लोकांनी हे लिहिलंय. क्लिनिकमधली ती खोली कशी असते हे माहीत असलेला माणूस टीममध्ये आधीपासून असता तर हा प्रश्न आधी विचारला गेला असता. पिमातलं शून्य ओळखणं, मीनाबेन एक की तीन हे ठरवणं, याला एआय मदत करेल, पण त्याला विचारायचं कसं आणि उत्तर खरं की थाप, हे सांगायला कोणीतरी लागणारच. नवऱ्याला सांग की तुझ्या फॅक्टरीत सीएनसी मशीन आलं तेव्हा सुपरवायझर घरी गेले का.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. कोर्स घ्यायच्या आधी एक छोटा प्रोजेक्ट कर, तुझ्याच टेबलावरचा. मे २०२४ मध्ये इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने सर्क्युलर काढलं की कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळचं फायनल अप्रुव्हल तीन तासांत. तुला हे पाठ असेल, आणि प्रत्यक्षात काय होतं तेही. पण 'प्रत्यक्षात काय होतं' हे तुमच्या हॉस्पिटलमध्ये कोणी मोजलंय का? तीन महिन्यांचे डिस्चार्ज घे. फायनल बिल पोर्टलवर कधी गेलं, अप्रुव्हल कधी आलं, मध्ये क्वेरी किती, कुठल्या प्रकारच्या, वार कुठला. आयुष्मानच्या केसेस वेगळ्या ठेव, हा नियम इन्शुरन्स कंपन्यांना आहे. वेळ पोर्टलवरचीच घे, रजिस्टरमधली नको, रजिस्टरमध्ये आपण सगळे गोल आकडे लिहितो. आणि सरासरीच्या ऐवजी मधला आकडा काढ, मीडियन, कारण एखादा क्लेम दोन दिवस अडकतो आणि सगळी सरासरी फुगवतो.

यात एक गंमत येईल बघ. काही पेशंट कंटाळून पैसे भरून निघून गेलेले असतील, त्यांचं अप्रुव्हल त्या वेळी आलेलंच नाही. त्यांना हिशेबातून काढून टाकलंस तर उरतील ते सगळे लवकर सुटलेले, आणि तुझा आकडा हॉस्पिटलला आणि कंपनीला फार गोड दिसेल. त्यांना ठेवायचं तर वेळ कुठली लिहायची? बरोब्बर हाच प्रश्न कॅन्सरच्या अभ्यासात पेशंट किती काळ जगले हे मोजताना येतो, की अभ्यास संपला तेव्हा जे पेशंट जिवंत होते त्यांचं काय करायचं. त्याला सेन्सरिंग म्हणतात आणि कापलान आणि मायर या दोघांनी १९५८ मध्ये त्यावर जी पद्धत दिली ती आजही बहुतेक कॅन्सर ट्रायल्समध्ये वापरतात. ते तू तुझ्या डिस्चार्जवर चालव. आरमध्ये चार ओळींचं काम आहे. इंटरव्ह्यूमध्ये पिमावर ८० टक्के ॲक्युरसी सांगणारे दहा येतील, आणि एक तू, की आमच्याकडे तीन तासांत इतके टक्के सुटतात, शनिवारी इतके कमी, आणि निम्म्या क्वेरी एकाच कागदासाठी येतात जो आपण आधीच जोडू शकतो. मी घेणारी असते तर कोणाला घेतलं असतं हे उघड आहे.

पण परवानगीशिवाय एक ओळही घरी न्यायची नाही. हे मी जरा कडक सांगते. पेनड्राइव्ह नाही, स्वतःच्या ईमेलवर नाही, चॅटबॉटमध्ये पेस्ट तर अजिबात नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी पेशंटने ती माहिती तुला बरं होण्यासाठी दिलेली असते, तुझ्या करिअरसाठी नाही. आणि नुसतं नाव काढलं म्हणजे झालं असं नसतं, वय, गाव, ॲडमिशनची तारीख आणि ऑपरेशन एवढं एकत्र असलं की करजणच्या एखाद्या छोट्या गावात कोण ते शेजारीही ओळखतील. तुला हे काहीच लागणार नाही, अनुक्रमांक, दोन वेळा, वार आणि क्वेरीचा प्रकार बस. काम हॉस्पिटलच्याच कॉम्प्युटरवर कर. परवानगी मिळालीच नाही तर अडून बसू नकोस, बोस्टनच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूचा मिमिक नावाचा डेटा आहे, त्यातला १०० पेशंटचा डेमो कोणालाही मिळतो, पूर्ण डेटासाठी आधी ऑनलाइन ट्रेनिंग करून करारावर सही द्यावी लागते. ते ट्रेनिंग करच, रेझ्युमेत दिसतं. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, २०१९-२१ ची, जिल्हावार फॅक्टशीट बघ, वडोदरा जिल्ह्याचीही आहे, राज्याच्या आकड्यांशी तुलना करून बघ काय दिसतं.

हे वाचणारे जे स्टॅटिस्टिक्सचे किंवा कॉम्प्युटरचे आहेत आणि मला लिहितात की आम्हाला हेल्थमध्ये यायचंय, त्यांना उलटा सल्ला. तुमच्याकडे हत्यारं आहेत, तर एखाद्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये महिनाभर फुकट बसा, फायली कशा बनतात ते बघा, सयाजीसारख्या सरकारी हॉस्पिटलची ओपीडी एकदा सकाळी उभं राहून बघा. आणि डॉक्टर मंडळींना, थिसिसचं स्टॅटिस्टिक्स बाहेरून पैसे देऊन करून घेणं बंद करा, तिथूनच सुरुवात होते.

आता त्या प्रोजेक्टच्या परवानगीसाठी तुझा अर्ज. मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावाने, कॉपी तुझ्या बिलिंग मॅनेजरला, नाहीतर तो रुसेल. एक पान पुरे. संशोधन, एआय, डेटा सायन्स हे शब्द नको, लोक घाबरतात आणि फाईल बाजूला ठेवतात, 'डिस्चार्जला लागणारा वेळ कमी करण्यासाठी माहितीचा आढावा' असं लिही. कुठले रकाने घेणार आणि कुठले घेणार नाही ते स्पष्ट टाक, काम ड्युटीच्या वेळेनंतर आणि हॉस्पिटलच्याच मशीनवर करणार हेही टाक, आणि निकाल आधी त्यांनाच दाखवणार, बाहेर आकडे दाखवायचे झाले तर लेखी विचारून, हे तर टाकच. सोमवारी देऊ नकोस, सोमवारी कोणाला वेळ नसतो, बुधवारी दुपारी दे आणि पोच घे.